सातत्य कुणाकडून मागता?

एडीएचडी (अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता विकार) असलेल्या मुलाबद्दल आपल्याकडे कुठंही बोलणं निघालं, पालकसभेत, समुपदेशकाच्या खोलीत किंवा घरच्या समारंभात, की थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतंच: पालकांनी सातत्य ठेवायला हवं. सल्ला चुकीचा नाही. नियम रोज तेच, सांगण्याची पद्धत तीच, नियम मोडल्यावर होणारा परिणामही तोच, असं असलं की अशा मुलाला घराचा अंदाज येतो आणि तो अंदाज त्याला सावरतो. माझा आक्षेप आहे तो या सल्ल्यापाठोपाठ येणाऱ्या निवाड्याला. मूल सुधारत नाही, कारण घरातच शिस्त नाही, आईच्या काही लक्षात राहत नाही, वडील आरंभशूर, खरी काळजी असती तर जमवलं नसतं का? या निवाड्यात सातत्य ही केवळ मनावर घेण्याची गोष्ट मानलेली आहे. ज्याच्या मनात मुलाविषयी माया आहे त्याला ते जमतं, ज्याला जमत नाही त्याची माया उणी. पण ज्या पालकाला स्वतःलाच एडीएचडी आहे, त्याच्या बाबतीत हे गृहीतक मुळातच चुकीचं आहे. त्याच्याकडे इच्छा भरपूर असते. ती रोजच्या रोज, ठरल्या वेळी कृतीत उतरवणारी क्षमता उणी असते. आणि असे पालक अपवादानं सापडतात असंही नाही. नेमके ते याच मुलांच्या घरात सापडतात.

एडीएचडी कुटुंबात वाहतो हे आता वादाचं उरलेलं नाही. स्टीफन फॅराओन आणि हेन्रिक लार्सन यांनी २०१९ साली जुळ्या भावंडांवरच्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा आनुवंशिकतेचं सरासरी प्रमाण ७४ टक्के निघालं. या आकड्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. आईला एडीएचडी असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ७४ टक्के, असा तो नाही. माणसामाणसांत या लक्षणांचा जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग जनुकांच्या फरकांशी जोडता येतो, असा तो आहे. हे काम एखाद्या जनुकाचं नव्हे, फार मोठ्या संख्येनं असलेल्या, एकेकटा नगण्य परिणाम करणाऱ्या जनुकीय फरकांचं आहे. उंचीसारख्या गुणाइतकी नसली तरी जवळपास त्याच पंक्तीत बसणारी ही आनुवंशिकता आहे. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. बालमानसतज्ज्ञाच्या दवाखान्यात मुलाचं निदान होतं त्या क्षणी टेबलाच्या अलीकडे बसलेल्या दोन मोठ्या माणसांपैकी एकाला हीच अडचण असण्याची शक्यता रस्त्यावरच्या कुठल्याही माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. तरीही त्या दोघांना त्याविषयी सहसा काही विचारलं जात नाही. त्यांच्या हाती घरी करायच्या गोष्टींचा कागद दिला जातो.

त्या कागदावरची सगळ्यांत साधी गोष्ट घेऊ: चांदण्यांचा तक्ता. कार्डशीटवर सात वारांचे सात रकाने, डावीकडे तीन सवयी. दप्तर रात्रीच भरणं, दात घासणं, जेवताना जागेवर बसणं. सवय पाळली की चांदणी, ठरलेल्या चांदण्या जमल्या की ठरलेलं बक्षीस. आता हे चालवणाऱ्या मोठ्या माणसाला काय काय करावं लागतं ते पाहा. मूल सवय पाळतंय त्या वेळी लक्ष तिकडे हवं, कारण कौतुकाला उशीर झाला की अशा मुलावर त्याचा परिणाम झपाट्यानं कमी होतो. चांदण्यांचं पाकीट ठेवलेल्या जागी सापडायला हवं. फोडणी अर्धी टाकून उठायचं, चांदणी लावायची आणि पुन्हा त्याच फोडणीकडे यायचं. मूल आदळआपट करत असताना आवाज न चढवता ठरलेलं एकच वाक्य म्हणायचं. शनिवारी चांदण्या मोजायच्या, कबूल केलेलं बक्षीस त्याच दिवशी द्यायचं. आणि नव्याची नवलाई ओसरली की, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मुलाचा आणि आपला दोघांचाही उत्साह संपलेला असताना, हे सगळं तसंच चालू ठेवायचं. लक्ष हवं तेव्हा वळवणं, मध्येच सोडलेल्या कामावर परत येणं, हातातली गोष्ट डोक्यात धरून ठेवणं, चिडीला आवर घालणं, वेळेचा अंदाज बांधणं, कंटाळवाण्या कामाला चिकटून राहणं, अशा या क्षमता आहेत. रसेल बार्कली यांनी १९९७ साली एडीएचडीची जी मांडणी केली तिच्या केंद्रस्थानी याच होत्या: स्वतःला थोपवण्याची आणि स्वतःचं वर्तन काळाच्या हिशेबात चालवण्याची क्षमता. म्हणजे मुलाच्या उपचाराचं सगळ्यांत सोपं साधनसुद्धा त्याच कौशल्यांवर उभं आहे जी त्या पालकाकडे कमी असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

तक्ता ही एकच गोष्ट झाली. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, वर्गशिक्षिकेची डायरी वेगळी, शाळेचं ॲप वेगळं; उद्या पिवळा चार्टपेपर आणा हा निरोप रात्री नऊ वाजता, शंभर शुभेच्छांच्या मध्ये. पीटीच्या गणवेशाचा वार, सहलीच्या संमतीपत्राची शेवटची तारीख, थेरपीची वेळ. मुलाला मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध चालू असेल तर आणखी एक पेच. ते आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत येतं, ताज्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि बरेच औषधविक्रेते ते ठेवतच नाहीत. म्हणजे गोळ्या संपायच्या आत लक्षात ठेवून डॉक्टरांची वेळ घ्यायची, चिठ्ठी घ्यायची आणि मग दुकानं पालथी घालायची. हे बहुतेक घरांत कुणाच्या वाट्याला येतं हेही उघड आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. त्या मिनिटांत लक्षात ठेवण्याचं काम मोजलेलं नाही, कारण ते करताना हात दिसत नाहीत. विसरणाऱ्या वडिलांना घर सांभाळून घेतं. त्यांचं असंच आहे म्हणून सोडूनही देतं. विसरणाऱ्या आईच्या बाबतीत तिच्या आईपणावरच प्रश्न येतो. एडीएचडी दोघांनाही असू शकतो, पण त्याची किंमत दोघं सारखी मोजत नाहीत.

हा नुसता तर्क नाही. एडमंड सोनुगा-बार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एडीएचडीची लक्षणं असलेल्या तीन वर्षांच्या मुलांच्या आयांसाठी पालक-प्रशिक्षण घेतलं आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयांची त्यांच्या स्वतःच्या लक्षणांनुसार विभागणी केली होती. ज्या आयांमध्ये लक्षणं कमी किंवा मध्यम होती त्यांच्या मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली. ज्यांच्यात ती तीव्र होती त्यांच्या मुलांमध्ये सुधारणा दिसली नाही. प्रशिक्षण तेच, मुलांची अडचण तीच. फरक पडला तो प्रशिक्षण कुणाच्या हातून घरात पोचणार होतं यानं. या निष्कर्षाचे दोन अर्थ काढता येतात. एक, या आया कुचकामी आहेत. दोन, हे प्रशिक्षण त्यांच्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते असं गृहीत धरून बनवलं होतं की घरी गेल्यावर आईला सगळं आठवेल आणि ती ते रोज करेल. पहिला अर्थ काढून आपण आजवर त्या बायकांना अपराधी ठरवत आलो आहोत आणि मुलांचं त्यानं तसूभरही भलं झालेलं नाही.

इथं एक भक्कम प्रत्युत्तर येऊ शकतं आणि ते टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जर्मनीत एडीएचडी असलेल्या १४४ आयांवर, ज्यांच्या मुलांनाही एडीएचडी होता, एक मोठी चाचणी झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले. एका गटातल्या आयांना आधी औषध आणि गटोपचार, दुसऱ्या गटातल्या आयांना केवळ आधार देणारं समुपदेशन. नंतर दोन्ही गटांना मुलासह प्रशिक्षण. औषध घेतलेल्या आयांची लक्षणं अधिक कमी झाली, पण त्यांच्या मुलांची सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा जास्त झाली नाही. मग आईवर उपचार करून काय मिळालं, असं कुणी विचारेल. मला या चाचणीतून वेगळी गोष्ट दिसते. दुसऱ्या गटातल्या आयाही वाऱ्यावर सोडलेल्या नव्हत्या. त्यांना नियमित भेटणारं, ऐकून घेणारं माणूस होतं, आणि मुलं दोन्ही गटांत सुधारली. म्हणजे गोळी दिली की घराची घडी आपोआप बसेल ही अपेक्षा चूक, पण आईला एडीएचडी असताना घर बदलूच शकत नाही ही निराशाही चूक. मी आधाराबद्दल बोलते आहे. औषध हा त्याचा एक भाग आहे, तेवढाच.

त्याहून महत्त्वाचं हे की आईवरचा उपचार मुलाच्या गुणपत्रिकेत दिसला तरच सार्थकी लागला, ही मोजपट्टीच मला मान्य नाही. ती स्वतः एक माणूस आहे आणि तिचा त्रास खरा आहे. स्वीडनमधल्या सात लाखांहून अधिक बाळंतिणींच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. एडीएचडीचं निदान असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या वर्षात नैराश्याचं निदान झालं. निदान नसलेल्यांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. चिंताविकारांतही तफावत अशीच, सुमारे २५ टक्के आणि ५ टक्क्यांहून कमी. तुटक झोप, दर दोन-तीन तासांनी दूध, लशींच्या तारखा, सतत कुणीतरी आपल्यावर अवलंबून असणं, यात जी आधीच कशीबशी तोल सांभाळत होती ती कोसळते. हे आधी कळलं असतं तर तिच्या पहिल्या वर्षाची तजवीज वेगळी करता आली असती. आपल्याकडे बाळंतपणाआधी रक्तगट, साखर, थायरॉइड तपासतात. लहानपणी तुमचं लक्ष लागायचं का, एवढं विचारायला कुणाचा वेळ जाणार होता?

एडीएचडी हा लहान मुलांचा आजार, मोठेपणी तो सुटतो, त्यामुळे मोठ्यांनी तो सांगणं म्हणजे नवं खूळ, असंही म्हटलं जातं. हे मत जुन्या वैद्यकीय समजुतीवर उभं आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या निदानसंहितेतही मोठेपणी उरणाऱ्या लक्षणांसाठी वेगळा प्रकार नोंदलेला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत सतरा वर्षं आणि पुढच्या वयासाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली आणि उदाहरणांत मोठ्यांची कामं आली: बिलं भरणं, ठरलेल्या भेटी पाळणं. लहानपणी निदान झालेल्या ५७९ मुलांना घेऊन अमेरिकेत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या एमटीए अभ्यासातली मुलं पंचविशीत पोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. मार्गारेट सिबली यांनी २०२२ साली मांडलेल्या निष्कर्षांत टिकाऊ अशी पूर्ण सुटका केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास दिसली. बहुतेकांची लक्षणं कधी ओसरत, कधी परत येत. मूल झाल्यावर, घरातलं एखादं माणूस गेल्यावर, बदलीच्या गावी राहायला गेल्यावर पुन्हा सगळं विस्कटतं ते याचमुळे. सामान्य लोकसंख्येत, बालपणापासून चालत आलेली लक्षणं मोठेपणीही टिकून आहेत अशा प्रौढांचं जागतिक प्रमाण २०२१ च्या एका आढाव्यात अडीच टक्क्यांच्या थोडं वर काढलं आहे. चाळीस प्रौढांमागे एक. कुठल्याही मध्यम आकाराच्या सोसायटीत असे दोन-चार आईवडील असणारच.

याच्या उलट बाजूनं येणारा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. न्यूझीलंडमधल्या डनिडन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा आयुष्यभर अभ्यास चालू आहे. त्यातल्या ज्यांना वयाच्या अडतिसाव्या वर्षी एडीएचडीची लक्षणं होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना लहानपणी तो नव्हता, असं टेरी मॉफिट यांच्या गटानं २०१५ साली दाखवलं. मग मोठेपणी मिळणारी ही निदानं खरी किती? काही खरी नसतीलच. झोपेचा अभाव, नैराश्य, थायरॉइडचे विकार, दारू, चिंता, या सगळ्यांनी लक्ष विस्कटतं. एमटीएमधल्या तुलनागटात उशिरा उगवलेली लक्षणं बारकाईनं तपासली तेव्हा त्यातली बहुसंख्य अशाच दुसऱ्या कारणांनी समजावता आली. याचा निष्कर्ष एवढाच की निदान घाईत करू नये. बारा वर्षांच्या आतला इतिहास विचारावा, शक्य तर आईवडील किंवा भावंडांकडून. शाळेची प्रगतिपुस्तकं पाहावीत. दुसरी कारणं वगळावीत. हा आक्षेप म्हणजे नीट तपासणीची मागणी आहे आणि ती मागणी मी उचलून धरते. जे लोक तपासणीच करू नका म्हणतात त्यांच्या हाती मात्र हा अभ्यास काही देत नाही.

मोबाइलनं आज सगळ्यांचंच लक्ष उडालंय, मग सगळ्यांनाच एडीएचडी म्हणायचं का, या प्रश्नावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानं अवधानाच्या अशा विकाराचं वर्णन १७९८ साली केलं आणि जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. विसरतं प्रत्येकच जण. प्रश्न असतो तो किती, कधीपासून, किती ठिकाणी आणि त्यानं आयुष्याचं काय होतं याचा. डेन्मार्कमधल्या सुमारे १९ लाख लोकांच्या नोंदींत एडीएचडीचं निदान असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या दुपटीच्या आसपास आढळला आणि त्यात अपघातांचा वाटा मोठा होता. हा विसरभोळेपणाच्या गमतीचा विषय नव्हे.

औषध कंपन्यांनी हे पसरवलंय, असंही म्हणतात. अमेरिकेत या औषधांची जाहिरातबाजी झाली आणि काही ठिकाणी निदानं सैल हातानं दिली गेली, हे मान्य. पण तिथल्या अतिरेकावरचा उतारा इथल्या माणसाला उपाशी ठेवणं हा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. ज्या देशात नैराश्याचाच उपचार बहुतेकांपर्यंत पोचत नाही, तिथं मोठ्यांमधल्या एडीएचडीचे रुग्ण उगाच वाढवले जाताहेत अशी भीती घालणं वस्तुस्थितीला धरून नाही. लातूर, नंदुरबार किंवा रत्नागिरीतल्या एखाद्या आईला आज प्रौढांचा एडीएचडी तपासणारा माणूस जवळपास मिळेल का, हा आपला प्रश्न आहे.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप. असं कारण हातात दिलं की पालक जबाबदारी झटकतील. चुकलं की विकाराकडे बोट दाखवतील. आणि भोगेल ते मूल. या भीतीमागे मुलाची काळजी आहे, म्हणून तिचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. मुलाला वेळेवर जेवण, औषध, सुरक्षितता आणि मार नसलेलं घर मिळालंच पाहिजे. त्यात पालकाच्या कुठल्याही निदानानं कपात होत नाही. एडीएचडी असलेल्या पालकाचा राग चटकन भडकू शकतो, आणि त्या रागात मुलाच्या पाठीत बसलेला धपाटा हा धपाटाच असतो. हे मी पुसून टाकत नाही. पण जबाबदारी पार पाडली जावी अशी आपली खरोखर इच्छा असेल तर ती कशानं पार पडते हे पाहायला नको का? लाज देऊन? धांदरट, बेजबाबदार, आळशी हे या माणसांना पहिलीपासून ऐकवलं गेलेलं आहे, शिक्षकांनी, आईवडिलांनी, सासरच्यांनी, साहेबांनी. बोलण्यानं सुधारणा व्हायची असती तर ती दहावीच्या आतच झाली असती. झालंय उलटंच: चूक कबूल केली की अपमान होतो हे शिकल्यामुळे ही माणसं चूक लपवायला शिकली. शाळेतून आलेला फोन न उचलणं, पालकसभेला न जाणं, डॉक्टरांसमोर तक्ता नियमित भरतो असं सांगणं, यातलं पुष्कळसं त्या लपवण्यातून येतं. आणि खोट्या माहितीवर डॉक्टर मुलाचा डोस ठरवतात. ज्या पालकाला माझ्याच्यानं तक्ता झाला नाही, दुसरा मार्ग सांगा, असं न घाबरता म्हणता येतं, तोच मुलाच्या उपचारात खरा भागीदार होऊ शकतो. विकाराचं नाव कळल्यावर काय करायचं याचे मार्ग उघडतात: सगळ्या तारखा भिंतीवर दिसतील अशा एकाच जागी, गोळी ब्रशच्या शेजारी, राग चढतोय हे कळताच खोलीबाहेर जाण्याचा ठरलेला करार, आणि सातत्य लागणारी कामं घरातल्या त्या माणसाकडे ज्याला ती जमतात. हे सगळं जबाबदारी घेण्याचंच काम आहे.

पूर्वीच्या आयांनी पाच-पाच मुलं वाढवली, त्यांना कसं जमलं, असं विचारणाऱ्यांनी त्या घरांची रचना आठवावी. आठवण करून देणारी दहा तोंडं घरात होती, स्वयंपाकाच्या वेळा बदलत नव्हत्या, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि तिथून घरी येणारं काम पाटीवर मावत होतं. पुण्या-ठाण्याच्या दोन खोल्यांत दोघं नोकरदार आईवडील राहतात तेव्हा ती सगळी बाहेरची चौकट त्यांना स्वतःच्या डोक्यात उभी करावी लागते. अर्थात ती जुनी घरं या बायकांना सुखाची होती असं मी म्हणणार नाही. वेंधळी सून म्हणून तिथं आयुष्यभर काय ऐकावं लागत असेल, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

निदान टाळण्यामागे आणखी एक भीती असते आणि तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. मनोविकाराचा कागद फायलीत गेला तर तो उद्या घटस्फोटाच्या किंवा मुलाच्या ताब्याच्या भांडणात बाहेर येईल, असं अनेक स्त्रियांना वाटतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, त्यामुळे भीती हवेतली नाही. पण त्याच कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली स्पष्ट केलं की विकाराचं नुसतं नाव पुरत नाही, सोबत राहणं अशक्य व्हावं इतकी त्याची तीव्रता सिद्ध व्हावी लागते. आणि तो खटला स्किझोफ्रेनियाचा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही मानसिक आजाराच्या केवळ निदानावरून कुणाला वेडसर मानता येणार नाही असं सांगितलं आहे. हे वकिलांना ठाऊक असतं. निदान देणाऱ्या डॉक्टरांनीही त्याच खोलीत, त्याच वेळी सांगायला हवं, कारण ती बाई वकिलाकडे जाण्याच्या कितीतरी आधी घाबरून उपचार सोडते.

एवढं सगळं करायला यंत्रणा कुठाय, हा शेवटचा आक्षेप. नवीन यंत्रणा लागतच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली आणि त्यात तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात आणलं जातं तेव्हा आई किंवा वडील सोबत येतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं तयार झालेल्या प्रौढांच्या प्रश्नावलीचा पहिला भाग सहा प्रश्नांचा आहे. त्यावरून निदान होत नाही, पण पुढं तपासायला हवं का हे पाच मिनिटांत कळतं. मुलाच्या केसपेपरसोबत ही प्रश्नावली मराठीतून द्यायला ना इमारत लागते ना नवं पद. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एडीएचडी असलेल्या मुलाच्या पालकालाही तो असेल तर औषधाचं वेळापत्रक आणि शाळेची रोजची तयारी यांसाठी त्याला वेगळी मदत हवी का याचा विचार करावा, असं सांगितलं आहे. आपल्या शाळांना निरोपांसाठी एकच मार्ग ठरवता येईल, उद्याचा निरोप आज रात्री न देता आठवड्याचा शुक्रवारी देता येईल; त्यानं सगळ्याच पालकांची सोय होते. आणि एकमेकांना धरून उभं राहण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. व्यसनी माणसाच्या घरच्यांनाही आधार लागतो हे १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं दाखवून दिलं, आणि पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननं शुभार्थी (म्हणजे रुग्ण) आणि शुभंकर (म्हणजे त्यांची काळजी घेणारे) यांच्या स्वमदत गटांतून ते वेगळ्या आजारासाठी केलं. एडीएचडी असलेल्या आईवडिलांचा गट त्याच धर्तीवर चालवता येईल, फक्त तिथं भेटीची आठवण आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी अशी दोनदा पाठवावी लागेल, आणि उशिरा आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही हा नियम करावा लागेल. सहा प्रश्नांचा तो कागद मात्र दोघांच्याही हाती द्यावा. दवाखान्यात बहुतेक वेळा आई येते, म्हणून तो तिच्याकडेच जाईल आणि वडील पुन्हा एकदा तपासणीच्या बाहेर राहतील. तेव्हा दुसरा कागद तिच्यासोबत घरी पाठवावा आणि पुढच्या तारखेला वडिलांना बोलवावं.